घरची स्मूदी: पपई कडू, केळं पाणचट आणि मिक्सरला वास. नवा ब्लेंडर घेऊ का?

घामाघूम_आई
नमस्कार मंडळी. एप्रिल लागला, लेकीची शाळा सकाळची झाली. साडेबाराला लालबुंद होऊन घरी येते आणि दप्तर टाकायच्या आधी 'चौकातली स्मूदी आण' सुरू. एका ग्लासचे १८० रुपये! म्हटलं घरीच करू, त्यात काय मोठंसं.

पहिल्या दिवशी केळं, स्ट्रॉबेरी, दूध आणि सहा बर्फाचे खडे. पाच मिनिटांत वर फेस, खाली गुलाबी पाणी. दुसऱ्या दिवशी पपई आणि दूध फिरवून दहा वाजताच फ्रिजात ठेवलं, आल्या आल्या गार मिळावं म्हणून. एक घोट घेतला आणि म्हणाली, "आई, यात औषध घातलंयस का?" मी चाखून पाहिलं. कडू! पपई तर मधासारखी गोड होती, सकाळी मीच दोन फोडी खाल्ल्या होत्या. तिसऱ्या दिवशी बर्फ जास्त घातला, तर मिक्सरला जळका वास आला आणि तो बंदच पडला. ५५० वॅटचा आहे, नऊ वर्षं झाली. अजून सुरू झालेला नाही.

तर विचारायचंय असं: मोठा ब्लेंडर घ्यावाच लागतो का? कोणती फळं कशात घालायची? आणि सासऱ्यांना साखर आहे, त्यांनाही अर्धा ग्लास दिला तर चालेल का? तेही आशेने बघत असतात.

खमंग_काकडी
ब्लेंडर अजिबात घेऊ नका. बर्फही घालू नका. फळच गोठवा. बर्फ म्हणजे शेवटी पाणीच ना, तो वितळला की चव पातळ होणारच.

केळ्यापासून सुरुवात करा. सालीवर काळे ठिपके पडलेली, घरात कुणी हात लावत नाही अशी केळी घ्यायची. साल आधीच काढा. मी एकदा सालीसकट ठेवली होती, दुसऱ्या दिवशी सुरीने खरवडत बसले. अर्ध्या इंचाच्या चकत्या करून स्टीलच्या ताटात एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडा आणि ताट फ्रीझरमध्ये तीन-चार तास ठेवा. कडक झाल्या की डब्यात भरा. थेट डब्यात कोंबल्या तर सगळ्यांचा मिळून एक दगड होतो, मग बत्ता घेऊन बसा.

करायच्या आधी चकत्या पाच मिनिटं बाहेर काढून ठेवायच्या. भांड्यात आधी पातळ पदार्थ घाला, मग दही, सगळ्यात वर फळ. उलट केलंत की पाती खाली नुसतीच गरगरतात आणि फळ वर अडकून बसतं. माझं माप एक वाटी गोठवलेलं फळ, अर्धी वाटी घट्ट दही आणि पाव वाटी दूध. भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही. बटण डावीकडे थोडं थोडं फिरवून थांबत थांबत चालवा. आधी खडखड असा कोरडा आवाज येतो, मग तो जड होतो, आणि मधे भोवरा पडून सगळं सावकाश फिरायला लागलं की झालं. त्यापुढे फिरवलं की मिक्सरच्या उष्णतेने परत पातळ.

तिरका_कोन
दूध, केळं, साखर. आमच्याकडे याला शिकरण म्हणतात आणि ते पोळीशी खातात. १८० रुपये कुणीच घेत नाही.

खमंग_काकडी
@तिरका_कोन, तुमची वाट बघतच होतो.

परीक्षानळी
पपईचं सांगतो. पपईत पपेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनांचे तुकडे करतं. कच्च्या पपईच्या चिकात भरपूर, म्हणून मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात. पिकल्यावर बरंच कमी होतं, पण संपत नाही. दुधातल्या प्रथिनांचे जे बारीक तुकडे पडतात त्यातले काही चवीला कडू असतात. तुम्ही दहाला करून साडेबाराला दिलंत, म्हणजे त्याला अडीच तास निवांत काम करू दिलंत. करून लगेच प्यायलं तर बहुतेक वेळा कळतही नाही.

अननसात ब्रोमेलेन असतं, किवीतही असंच एक विकर. दही वापरून सुटका नाही, त्यातही तीच प्रथिनं. गोठवूनही ते मरत नाही, नुसतं झोपतं. मरतं ते उष्णतेने. अननसाच्या रायत्यात किंवा श्रीखंडात घालायच्या फोडी आपल्याकडे आधी साखरेत शिजवून घेतात ना, तेच करा. पाच-सात मिनिटं शिजवा, पूर्ण गार करा, मग खुशाल दह्यात घाला. डब्यातला अननस शिजवलेलाच असतो, तो तसाच चालतो.

पपई शिजवून मात्र बेचव लागते. तिला दुधाशी गाठच घालू नका. संत्र्याचा रस, लिंबू, आल्याचा छोटा तुकडा. संपलं.

देवगडची_सून
+१. अननस न शिजवता हवा असेल तर शहाळ्याची मलई आणि त्याचंच थोडं पाणी घाला. नारळात दुधासारखी प्रथिनं नाहीत, त्यामुळे कडू होत नाही. शहाळेवाल्याला 'मलईवालं' असं आधीच सांगायचं, नाहीतर नुसतं पाण्याचं फोडून देतो. चिमूटभर मीठ विसरू नका.

आणि कृपा करून हापूस स्मूदीत घालू नका. त्याचा आमरस करायचा असतो. स्मूदीला बदामी, लालबाग काहीही चालतो, दह्याचा आंबटपणा आला की तसाही फरक कळत नाही.

बिन_पगारी_फुल_अधिकारी
मिक्सर उलटा करा (प्लग काढून!). बऱ्याच मिक्सरना बुडाशी एक छोटं लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. अर्धा तास गार होऊ द्या, बटण आत दाबा, रिकामं भांडं लावून बघा. तरीही वास आला किंवा धूर दिसला तर दुकानात न्या, पुन्हा पुन्हा चालवत बसू नका. मागच्या वर्षी माझ्याकडून एका दुरुस्तीवाल्याने मोटर बदलायची म्हणून ९०० रुपये मागितले होते. शेजारच्या आजोबांनी येऊन बटण दाबलं.

रोज स्मूदी करणार असाल तर भांड्याच्या तळाची पाती आणि झाकणाची रबरी रिंगही बघून घ्या. नऊ वर्षांत पाती बोथट झालेली असणार. बदलायला नव्या ब्लेंडरच्या मानाने फारच कमी लागतात.

संत्रानगरी
नागपुरातून एक भर. कुणी सांगेल, संत्री सोलून सगळीच टाका मिक्सरमध्ये. नका टाकू. बी फुटली की कडू. बिया काढल्या तरी फोडींच्या पांढऱ्या पापुद्र्यातून कडवटपणा उतरतो, आणि गंमत म्हणजे लगेच नाही, थोड्या वेळाने. काढल्या काढल्या गोड वाटलेला मोसंबीचा रस तासाभराने कडू लागतो तो म्हणूनच, त्यात लिमोनिन नावाचं द्रव्य हळूहळू तयार होतं. दुकानदाराने फसवलं म्हणून भांडू नका, मी भांडलेलो आहे. हाताने हलकेच पिळा, गाळा, लगेच वापरा.

आमच्याकडे ४५ अंशात स्मूदी वगैरे जड वाटते. कलिंगडाच्या बिया काढून फोडी गोठवायच्या, पुदिन्याची चार पानं, काळं मीठ, अर्धं लिंबू. दूध नाही, दही नाही, पाणीसुद्धा नाही, कलिंगडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. मिक्सर अडला तर दोन चमचे पाणी, बस. चमच्याने खा.

राईनकाठी
जर्मनीत वर्षभर गोठवलेल्या बेरीच वापरते, ताज्यापेक्षा स्वस्त पडतात. आंब्यासाठी भारतीय दुकानातला डब्यातला रस. त्यात बहुतेक वेळा साखर घातलेलीच असते, डब्यावर वाचून घ्या आणि वरून घालू नका. तुम्ही लोक नशीबवान, एप्रिलमध्ये महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हंगाम संपता संपता मऊ पडते आणि स्वस्त होते, तीच गोठवायला उत्तम. देठ धुतल्यावर काढा, आधी काढले तर आत पाणी शिरतं. (अवांतर: पाचगणीच्या घाटात स्ट्रॉबेरी-क्रीम खाल्ल्याला सहा वर्षं झाली. असो.)

पथ्यपाणी
दूध आणि फळ हा विरुद्ध आहार आहे हे कुणीच कसं लिहिलं नाही?

तिरका_कोन
@पथ्यपाणी, आमच्या आजीने ८८ वर्षं शिकरण खाल्लं.

देवगडची_सून
इथे तो वाद नको, त्यावर वेगळा धागा काढा. आंबट फळ दुधात घातलं की ते फाटतं एवढं डोळ्यांनी दिसतं, तेव्हा आंबट फळाला दही घ्यावं, हे तर सगळ्यांनाच मान्य होईल.

ताटवाटी
आहारतज्ज्ञ आहे, सासऱ्यांबद्दल लिहिते. त्यांची औषधं आणि रिपोर्ट माहीत नसताना हो किंवा नाही म्हणणं बरोबर नाही, त्यांच्या डॉक्टरांना विचाराच. पण हिशेब असा. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण १४ ग्रॅम साखर असते. दोन केळी, एक आंबा, वर 'साखर नको म्हणून' दोन चमचे मध, असा ग्लास दोन मिनिटांत रिकामा होतो. तीच फळं चावून खायला पंधरा मिनिटं लागली असती आणि अर्ध्यात पोट भरलं असतं. मध म्हणजे साखर नाही हा समज तर काढूनच टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनांमध्ये मध, सरबतं आणि फळांचे रस हे साखरेच्याच खात्यात धरले आहेत, आणि ती दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, जमल्यास ५ टक्क्यांहून कमी ठेवायला सांगितलं आहे. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला जवळपास २५ ग्रॅम, सहा चमचे.

डॉक्टर हो म्हणाले तर त्यांच्यासाठी वेगळी करा: अर्धी वाटी पेरू, बाकी दही किंवा ताक, जिरेपूड, एक चमचा भिजवलेला सब्जा. पेरूची गाळून घ्या, बिया कवळीत अडकतात. सब्जा पंधरा-वीस मिनिटं भिजू द्यायचा, कोरडा कधीच घालायचा नाही. आणि जेवणासोबत नाही, मधल्या वेळच्या खाण्याऐवजी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर केळं आणि शहाळ्याचं पाणी दोन्ही विचारल्याशिवाय नको, पोटॅशियम जास्त असतं.

घामाघूम_आई
बापरे, केवढं शिकले! लाल बटण सापडलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा दर्शन झालं. अर्ध्या तासाने दाबलं, मिक्सर चालू. ब्लेंडरचे पैसे वाचले. @बिन_पगारी_फुल_अधिकारी, तुम्हाला एक ग्लास लागू.

डॉक्टर सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा, छोटी वाटी म्हणाले. पेरू आता बाजारात बरा नाही, म्हणून त्यांना चार स्ट्रॉबेरी आणि ताक. ते म्हणाले, "मठ्ठा गुलाबी कसा?" पण संपवलं.

संत्रानगरी
आणि मुख्य परीक्षक?

घामाघूम_आई
काल केळ्याच्या चकत्या आणि स्ट्रॉबेरी गोठवल्या, @खमंग_काकडी यांच्या मापाने केली. दही आंबट होतं म्हणून निम्मं घेतलं आणि चमचाभर साय घातली. भोवरा पडला तसं बंद केलं. इतकी घट्ट की ग्लास तिरपा केला तरी हलेना. लेकीने स्ट्रॉ बाजूला ठेवून चमचा मागितला. सगळी संपवली, मग म्हणाली चौकातल्यासारखी नाही, पण उद्या पण कर.

सासूबाईंनीही वाटीभर घेतली. दोन घास खाऊन विचारतात, "शिकरण चांगलं झालंय गं, पण एवढं गार का केलंस? आणि पोळी कुठे?"

तिरका_कोन
😌

खमंग_काकडी
आता हा थांबणार नाही.

नवी_विटी
उशिरा आले. सीताफळाची जमेल का हो अशी? एका सीताफळाचा गर काढता काढता अर्धा तास जातो.

परीक्षानळी
जमते, पण बी मिक्सरमध्ये जाता कामा नये, ती विषारी असते. पुरणाच्या चाळणीवर हाताने हलकेच घोळा, गर खाली आणि बिया वर. शिजवू नका, सीताफळ तापवलं की कडवट होतं. आणि आत्ता एप्रिल आहे, तेव्हा दसऱ्याच्या सुमारास विचारा.