मदत हवी आहे: प्रवासात ऐकायला नवीन रॉक सुचवा

आठवड्यातून तीनदा पुणे-मुंबई अपडाऊन करतो, सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन. खिडकी मिळाली की हेडफोन चढवायचा, हा नेम. पण अ‍ॅप फिरून फिरून तेच लावतं! एकदा पिंक फ्लॉइड काय ऐकलं, आता महिनाभर सत्तरचं दशकच संपत नाहीये.

इंडियन ओशन, परिक्रमा, थर्मल अँड अ क्वार्टर हे आपले देशी बँड पाठ झालेत. इंडस क्रीड तर त्यांचं नाव रॉक मशीन होतं तेव्हापासून ऐकतोय. (हो, वय कळलं तुम्हाला.) ब्लडीवूड या मेटल बँडचा ढोल आवडला, पण सकाळी सातला जरा जास्त होतो.

तर गेल्या 5-6 वर्षांतले बँड सांगा. भाषा कुठलीही चालेल. मराठीत कोणी दमदार रॉक करत असेल तर आधी तेच. गिटार खरी वाजलेली हवी. आणि एकेक गाणं नको, अख्खा अल्बम सांगा. लोणावळा सोडलं की कर्जतपर्यंत बोगद्यांत रेंज जाते आणि नेमका सोलो चालू असताना गोल चक्र फिरत बसतं. त्यामुळे रात्रीच घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवतो.

शिवाय, नवीन बँड तुम्हाला सापडतात कसे? माझ्या कॉलेजात कॅसेट फिरायच्या, आता कोण देतं?