किसिंजर यांनी परराष्ट्र खातं बाजूला सारलं, ते बरोबर होतं का?

दर्यावर्दी
हेन्री किसिंजर जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. सप्टेंबर १९७३ पासून परराष्ट्रमंत्रीही झाले आणि नोव्हेंबर १९७५ पर्यंत दोन्ही पदं त्यांच्याकडेच राहिली. माझ्या मते त्यांची खरी करामत कागदांची वाट बदलण्यात होती. सत्तेवर येताच त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची पद्धत फिरवून घेतली. खात्यांनी पर्याय लिहून द्यायचे, ते किसिंजर अध्यक्ष असलेल्या समितीपुढे यायचे आणि तिथून निक्सन यांच्या टेबलावर जायचे. परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांचं वजन तिथेच संपलं.

चीनशी संबंध जुळले ते यामुळेच. जुलै १९७१ मध्ये दिल्ली आटोपून ते पाकिस्तानात गेले. पोट बिघडल्याने नथियागलीला विश्रांती घेत आहेत अशी बातमी सोडली आणि ९ तारखेला पहाटे चकलालाहून पाकिस्तानी विमानाने गुपचूप पेकिंगला (आताचं बीजिंग) निघाले. हे आधी फुटलं असतं, तर तैवानच्या पाठीराख्यांनी वॉशिंग्टनमध्येच ते मोडून काढलं असतं.

अर्धविराम
सहमत नाही. पहिली भेट गुप्त ठेवणं समजू शकतं. पण फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन साऱ्या जगासमोर चीनमध्ये असताना दोन्ही देशांच्या संयुक्त शांघाय निवेदनाचा मसुदा आपल्याच खात्यापासून का लपवायचा? हांगचौला खात्याचे पूर्व आशियाचे प्रमुख मार्शल ग्रीन यांच्या हाती तो आला, तेव्हा त्यांना चूक लगेच दिसली. जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स यांच्याशी असलेल्या करारांचा उल्लेख होता, तैवानशी असलेल्या कराराचा नव्हता. १९५० च्या जानेवारीत तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अ‍ॅचिसन यांच्या भाषणातून कोरिया असाच सुटला होता आणि जूनमध्ये युद्ध पेटलं. चिनी पॉलिटब्युरोची मान्यता मिळालेला मजकूर किसिंजर यांना चीनचे उपपरराष्ट्रमंत्री च्याओ कुआनह्वा यांच्यापुढे पुन्हा उघडावा लागला. शेवटी सगळ्याच करारांचे उल्लेख गाळले आणि तैवानबद्दलची बांधिलकी शांघायच्या पत्रकार परिषदेत तोंडी सांगितली. अनुभवी अधिकाऱ्याने दहा मिनिटं आधी वाचलं असतं, तर ही धावपळ टळली असती.

दर्यावर्दी
ग्रीन यांचा मुद्दा मान्य. तरी चूक वेळेत सुधारली आणि निवेदन टिकलं. एका प्रसंगावरून पद्धत मोडीत काढता येत नाही.

सागवान
प्रसंग एकच नाही. ऑक्टोबर १९७२ घ्या. व्हिएतनाम युद्ध थांबवण्यासाठी उत्तर व्हिएतनामचे ल डक थो यांच्याशी पॅरिसमध्ये मसुदा ठरला, ३१ तारखेला सही करायचंही हॅनोईशी बोलून झालं, आणि ज्यांचा देश पणाला लागला होता त्या दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थ्यू यांच्यापुढे सायगावला १९ तारखेला कागद ठेवला तो इंग्रजीत. थ्यू यांनी व्हिएतनामी प्रत मागितली. करारातून बनणाऱ्या समेट परिषदेला इंग्रजीत ‘प्रशासकीय रचना’ म्हटलं होतं, व्हिएतनामी शब्दातून ती सरकारच वाटत होती. उत्तरेचं सैन्य दक्षिणेतून मागे घेण्याची अट तर नव्हतीच. थ्यू यांनी ६९ दुरुस्त्या मागितल्या, वाटाघाटी अडल्या, डिसेंबरात हॅनोईवर बॉम्ब पडले आणि २७ जानेवारी १९७३ ला सही झाली ती जवळपास त्याच मजकुरावर. सैन्य राहिलं ते राहिलंच. दोन वर्षांनी सायगाव पडलं.

अर्धविराम
आणि ढाका? ६ एप्रिल १९७१ ला वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांच्या कचेरीतून वीस अमेरिकनांच्या सहीची निषेधाची तार गेली. पाकिस्तानी लष्कराने चालवलेली कत्तल डोळ्यांनी पाहणारी माणसं होती ती! ब्लड यांना तिथून हलवलं. पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान चीनशी बोलण्याची वाट होते म्हणून त्यांना दुखवायचं नाही, एवढ्यावर लाखो माणसांचं मरण बाजूला ठेवलं. रुमानियाचा मार्गही हाताशी होता.

दर्यावर्दी
रुमानियाकडूनही निरोप येत होते, खरं. पण एप्रिलच्या अखेरीस चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांचं ठोस निमंत्रण आलं ते पाकिस्तानमार्फत. त्या क्षणी वाट बदलणं सोपं नव्हतं. ढाक्याबद्दल मात्र मी त्यांचा बचाव करणार नाही.

सागवान
मग खात्याला सोबत घेऊन केलेलं कामही मोजा. १९७४ मध्ये सीरिया आणि इस्रायलचं सैन्य वेगळं करण्यासाठी परराष्ट्र खात्याचे अधिकारी जोसेफ सिस्को आणि खात्याचा ताफा विमानात घेऊन त्यांनी दमास्कस ते जेरुसलेम महिनाभर फेऱ्या मारल्या. कुनैत्रा गाव सीरियाला, भोवतीच्या टेकड्या इस्रायलकडे, मधे संयुक्त राष्ट्रांचे सैनिक, असा एकेका टेकडीवर घासाघीस करून ठरलेला तोडगा. तो पन्नास वर्षं चालला. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला दिल्लीत यशवंतराव चव्हाणांसोबत भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सही झाली. चव्हाण परराष्ट्रमंत्री होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. पोखरणला पाच महिने, बांगलादेश युद्धाला तीन वर्षं झालेली, तरी अर्थ-व्यापार, विज्ञान आणि शिक्षण-संस्कृती अशा तीन उपसमित्या ठरल्या. यात लपवण्यासारखं काय होतं?