गणपतराव देशमुखांचे ११ विजय : मोजणी जुळत नाही

माणदेशी_वाचक
सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख (शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप) यांच्या कारकिर्दीवर स्मरणिकेसाठी टिपण करायचं आहे. ते ११ वेळा निवडून आले असं सगळीकडे छापलेलं असतं. पण निवडणूक आयोगाचे अहवाल एकेक करून पाहिले तर विजय १०च भरतात. शिवाय कुठे ‘देशातला विक्रम’ लिहिलेलं असतं, कुठे ‘५७ वर्षं आमदार’. नेमकं काय छापावं? सभागृहातलं काम कुठून काढावं?

गोषवारा
अहवालांतून १०च भरणार. १९६२, ६७, ७२, ७८, ८०, ८५, ९०, ९५, ९९, २००४, ०९ आणि १४ अशा १२ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांतल्या १९७२ आणि १९९५ मध्ये ते हरले, म्हणजे उरल्या १०. अकरावा विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीतला आहे. आयोगाचा सांख्यिकी अहवाल त्या त्या सार्वत्रिक निवडणुकीपुरताच असतो, पोटनिवडणुकीचा निकाल त्यात नसतो. १९७२ वरून थेट १९७८ वर उडी मारली की ७४ निसटतं. कोणत्याही जुन्या आमदाराची यादी करताना हा घोळ होतोच, म्हणून पोटनिवडणुकांची यादी वेगळी काढून शेजारी ठेवा.

५७ हा आकडा २०१९ मधून १९६२ वजा करून आलेला आहे. प्रत्यक्षात १९६२–७२, १९७४–९५ आणि १९९९–२०१९ असे तीन तुकडे पडतात, त्यांची बेरीज साधारण ५१. अगदी काटेकोर व्हायचं तर १९८० च्या फेब्रुवारीत विधानसभा बरखास्त झाल्यापासून नव्या निवडणुकीपर्यंतचे महिनेही वजा होतील. माझ्या मते वर्षांचा एकच आकडा देऊच नये, तीन कालखंड छापावेत.

पाला_ते_सांगोला
‘देशातला विक्रम’ काढून टाका. करुणानिधी १३ वेळा निवडून आले, मतदारसंघ बदलत. ‘एकाच मतदारसंघातून’ अशी पुस्ती जोडूनही दावा टिकत नाही, कारण केरळात के. एम. मणी पालातून १३ वेळा आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा जिंकले. ‘महाराष्ट्र विधानसभेवर सर्वाधिक वेळा’ एवढं लिहा, ते खरं आहे आणि पुरेसं मोठं आहे. त्यातही काँग्रेसचा दबदबा असलेल्या जिल्ह्यात, शेकापसारख्या छोट्या पक्षात कायम राहून हे घडलं, ही गोष्ट मला आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. टिपणात तिला जागा द्या.

मतांच्या फरकाची तुलना करणार असाल तर जपून. मतदारसंघाचं नाव सांगोलाच राहिलं, हद्द नाही. विधानसभेच्या जागा १९६२ ला २६४ होत्या, १९६७ ला २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. २००९ च्या निवडणुकीपासून मतदारसंघांची पुन्हा नवी पुनर्रचना लागू झाली. त्यामुळे १९६७ चं मताधिक्य आणि २०१४ चं मताधिक्य शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. टक्केवारी द्या.

माणदेशी_वाचक
आभार. २०१९ चं काय लिहायचं? काही जण तो त्यांचा पराभव म्हणतात.

गोषवारा
ते उभेच नव्हते. नातू अनिकेत देशमुख लढले आणि शिवसेनेच्या शहाजीबापू पाटलांकडून ७६८ मतांनी हरले. १९९५ ला गणपतरावांना हरवणारेही शहाजीबापूच, पण तेव्हा काँग्रेसचे. हे दोन निकाल एकमेकांत मिसळतात, तिथून ही चूक पसरली आहे. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब यांनी जागा परत घेतली, पण तो गणपतरावांच्या कारकिर्दीचा भाग नाही.

तारांकित
सभागृहातल्या कामासाठी विधानमंडळाची छापील कार्यवाही अधिवेशनवार पाहावी लागेल. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा (मिळालेल्या उत्तरावर पुढची चर्चा), अशासकीय विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा. नुसते प्रश्न मोजू नका. एकाच विषयावर अनेक सदस्यांचे प्रश्न आले की ते एकत्र करून सगळ्यांची नावं वर छापतात, त्यामुळे नाव दिसलं म्हणजे प्रश्न लावून धरला असं होत नाही. त्याखालचे उपप्रश्न कुणी विचारले ते वाचा, माणूस तिथे दिसतो.

आणि गणपतराव १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री होते, पुन्हा १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात होते (शेकापने २००२ मध्ये पाठिंबा काढला). मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्या काळातली प्रश्नांची पाटी कोरी दिसली तर तिला निष्क्रियता समजू नका, उत्तरांच्या बाजूला शोधा.

मालमत्तेची शपथपत्रं २००४ च्या निवडणुकीपासूनचीच मिळतील. त्याआधी ती सक्तीची नव्हती.