मदत हवी आहे: चायनीज काढा घ्यावा का?

सिंगापूरला येऊन आठ महिने झाले, उजवा खांदा इतका आखडलाय की वेणी घालायला हात मागे जात नाही, शेवटी ऑफिसमधल्या मैत्रिणीने धरून चायनाटाउनच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या काकांनी आधी जीभ बघितली, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी (अगदी आपल्या वैद्यांसारखी!) आणि मग सुया. सुया कळल्याही नाहीत, पण कपिंगने (पाठीला कप चिकटवून कातडी ओढतात ते) पाठीवर पुरीएवढे जांभळे गोल उठलेत, नवरा म्हणतो कोणाशी मारामारी केलीस? खांदा मात्र दोन दिवस हलका होता, खोटं कशाला बोलू.

घोळ काढ्याचा आहे. पुडीत ज्येष्ठमध ओळखलं, बाकी साली-मुळ्या, आणि एक चपटी वाळकी पट्टी, ती मैत्रीण म्हणाली दीलोंग, म्हणजे चक्क गांडूळ!! मी पक्की व्हेज. ते काढून उकळलं तर चालेल की दुसरी पुडी मागायची? आणि मुख्य म्हणजे मला बीपीची गोळी चालू आहे, ज्येष्ठमधाने बीपी वाढू शकतं ना, आणि गोळीचं मी तिथे सांगायचंच विसरले. पुडी तशीच ओट्यावर पडलीये. इथे कोणी गोळ्या चालू असताना टीसीएम (म्हणजे हे पारंपरिक चिनी औषध) घेतलंय का? नुसत्या सुयांवर भागतं का, किती वेळा जावं लागलं?