मदत हवी आहे: जुन्या रेकॉर्डमधला दोष झिजेचा की प्रेसिंगचा (रेकॉर्ड दाबून घडवतानाचा)?

नमस्कार मंडळी,

मी साठ-सत्तरच्या दशकांतल्या सोल या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या जुन्या रेकॉर्ड जमवतो. बहुतेक पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या आहेत. तिथे वाजवून पाहायची सोय नसल्यामुळे रेकॉर्ड उन्हात तिरकी धरायची, ओरखडे पाहायचे आणि भाव करायचा, एवढेच आपल्या हातात असते. अलीकडच्या दोन रेकॉर्डनी मात्र मला कोड्यात टाकले आहे.

पहिली स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीची अमेरिकन 45 (मिनिटाला 45 फेरे घेणारी छोटी रेकॉर्ड) आहे, फिकट निळ्या लेबलची, म्हणजे 1968 मध्ये अटलांटिक या कंपनीशी असलेला वितरणाचा करार संपण्यापूर्वीची. दिसायला चकचकीत; पण गायकाने सूर चढवला आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोन साथीला आले की आवाज फाटतो, आणि 'स', 'श' तर ऐकवत नाहीत. लेबललगतच्या कोऱ्या पट्टीत त्रिकोण व त्यापुढे आकडा कोरलेला असल्याने ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली असावी. वजनाला हलकी, लेबल वरून चिकटवलेले, टिचकी मारल्यास टणक आवाज, यावरून ती व्हिनाइल या नेहमीच्या प्लास्टिकची नसून स्टायरीन या अधिक टणक प्लास्टिकची आहे, असे माझे मत आहे. स्टायरीनच्या खाचा (ज्यांतून सुई फिरते त्या रेघा) जड किंवा झिजलेल्या सुईखाली फार लवकर खराब होतात आणि ती झीज वरून दिसतेच असे नाही.

दुसरी सत्तरच्या दशकाच्या मध्यातली एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड. तिच्या एका बाजूला प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी, फक्त डाव्या स्पीकरमधून, कापड फाटल्यासारखी चरचर येते. धुऊनही काही फरक पडला नाही. दाबताना व्हिनाइल खाचांत पूर्ण भरले गेले नसावे, असा माझा अंदाज आहे. त्या काळातल्या प्रत्येक दोषाचे खापर 1973 च्या तेलसंकटावर आणि त्यामुळे वापरल्या गेलेल्या पुनर्वापराच्या व्हिनाइलवर फोडले जाते, ते मला पटत नाही. योग्य तापमान न देता घाईने दाबलेली रेकॉर्ड चांगल्या मालातूनही अशीच निघू शकते.

माझ्याकडे लंबवर्तुळाकार टोकाची सुई असून रेकॉर्डवर पडणारे तिचे वजन सुमारे दोन ग्रॅम ठेवले आहे. स्टायरीनसाठी गोल टोकाची सुई घेतल्यास पहिल्या रेकॉर्डचा फाटका आवाज खरोखर कमी होतो का, की खाच एकदा खरवडली गेली की उपाय नाही? ही 45 धुताना मी अल्कोहोल टाळून केवळ डिस्टिल्ड वॉटर वापरतो, ते पुरेसे आहे का? आणि एलपीतला असा दोष न वाजवता, नुसत्या उजेडात ओळखायची काही खूण असल्यास कृपया सांगावी. पुण्यात कोणाकडे गोल टोकाची सुई असलेला टर्नटेबल असेल, तर 45 घेऊन मी सवडीने येऊ शकेन.