कर्ण ५च का?

ए-२०३: मुलीचा प्रश्न आहे. काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३ आणि ४ असतील तर कर्ण ५च का येतो, आणि त्यासाठी वर्ग कशाला करायचे? 'दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज म्हणजे कर्णाचा वर्ग' हे सूत्र पाठ आहे तिला, पण पटत नाहीये. कुणी नीट समजावेल का?

बी-५०१: ताई, परीक्षा तोंडावर आली आहे. सूत्र घाला, उत्तर काढा, सध्या एवढं पुरे.

सी-१०२: पटत नसेल तर आत्ताच पटवायला हवं, नाहीतर कुठल्याही त्रिकोणाला ती हेच सूत्र लावत बसेल. तिला ३ आणि ४ लांबीच्या दोन पट्ट्या एका टोकाला टाचणीने जोडायला सांगा. पूर्ण मिटवल्या की मोकळ्या टोकांमधलं अंतर १, सरळ रेषेत उघडल्या की ७. तिसरी बाजू या दोन्हींच्या मधली कितीही असू शकते, कोन ठरवेल तेवढी. आता १ आणि ७ यांचे वर्ग बघा: १ आणि ४९. त्यांच्या बरोब्बर मधोमध २५. काटकोन तिथेच येतो!

ए-२०३: सर, ती विचारतेय, मधोमधच का?

सी-१०२: फार चांगला प्रश्न. ७ बाजूचा चौरस काढा. प्रत्येक बाजूवर, एकाच दिशेने फिरत, ३ वर खूण करा आणि चारही खुणा क्रमाने जोडा. कोपऱ्यांत चार काटकोन त्रिकोण पडतील, प्रत्येकाचं क्षेत्रफळ ६. ४९ मधून २४ गेले, मधला तिरका चौरस उरला २५. त्याची बाजू म्हणजेच आपला कर्ण. आता तेच चार त्रिकोण या तिरक्या चौरसात आत दुमडा. मध्ये १ बाजूचा छोटा चौरस रिकामा राहतो. ४९ मधून २४ काढा किंवा १ मध्ये २४ मिळवा, २५च. आत दुमडलेली ही रचना भास्कराचार्यांच्या बीजगणितात, १२व्या शतकातच आहे. वर्ग म्हणजे इथे खरंखुरं क्षेत्रफळ, नुसती आकडेमोड नव्हे.

ए-४०४: क्लासमधली मुलं कर्ण दिलेला असला तरी बेरीजच करतात. कर्ण १३, एक बाजू १२, तर १६९ मधून १४४ वजा, उरले २५, दुसरी बाजू ५. आधी काटकोनासमोरची बाजू शोधायची सवय लावा.

डी-३०१: साइटवर आम्ही हे उलटं वापरतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करायची. तिरकं माप ५ आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात. कमी आलं तर कोन मिटलेला, जास्त आलं तर उघडलेला. जागा असेल तर ६-८-१० घ्यावं, कोनातला बारीक फरकही टेपवर ठळक दिसतो.

बी-५०१: मग ५, ६, ८ असेल तर? २५ आणि ३६ मिळून ६१, पण ८ चा वर्ग ६४. म्हणजे उघडलेला?

सी-१०२: हो, पण जेमतेम. ९३ अंशांच्या आसपास.