चर्चा: स्वतःचं गाणं आधी रेकॉर्ड करावं की आधी स्टेजवर गावं?

गोदाकाठी
नाशिकमध्ये स्वतः लिहून स्वतःच चाल लावणारे बरेच जण आधी स्टुडिओ बुक करतात, गाणं ऑनलाइन सोडतात आणि मग कार्यक्रम शोधायला लागतात. माझ्या मते हे उलटं आहे. गाणं आधी सात-आठ कार्यक्रमांत गाऊन घासून घ्यावं, मग रेकॉर्ड करावं.

स्टुडिओत ओळीओळीने पंच केलं, म्हणजे तुकडे वेगवेगळे गाऊन जोडले, की श्वासाचा हिशेब झाकला जातो. अंतऱ्याची शेवटची ओळ एका टेकमधली, मुखड्यावर परतणं दुसऱ्या टेकमधलं. मध्ये दम घ्यायला अर्धी मात्राही नाही हे कळतच नाही. स्टेजवर दुसऱ्या अंतऱ्यालाच समेवर येताना शब्द गिळला जातो. पट्टीचंही, म्हणजे षड्ज कुठल्या सुरावर धरायचा त्याचंही, तसंच. माइकला चिकटून हळू गाताना काळी दोनमध्ये (हार्मोनियमच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) तार सप्तकातला, म्हणजे वरचा, मध्यम लागतो. तासभर गाऊन झाल्यावर गंगापूर रोडच्या उघड्या लॉनवर तोच फाटतो. मग ऐन वेळी अर्धा स्वर खाली, पांढरी दोनवर या. गिटारवाला निभावून नेतो, ढोलकी पुन्हा सुरात लावायला वेळ जातो, आणि साथीचा आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक जुन्याच पट्टीत अडकलेला.

फेडर
अहो, पण नव्या गाण्यांना सात-आठ कार्यक्रम देणार कोण? आयोजक पहिल्या फोनवरच लिंक मागतो. लिंक नसेल तर तुम्ही फर्माइशी गाणारे, विषय संपला.

आणि टाळ्यांवरून गाणं जोखू नका. शेवटच्या कडव्यात लय दुप्पट केली की कशालाही टाळ्या पडतात. चाल कुठे रेंगाळते हे आपलंच रेकॉर्डिंग चार दिवसांनी ऐकल्यावर कळतं.

डेमोला मोठा स्टुडिओ लागत नाही, पण खोली नीट निवडा. दहा बाय दहाची खोली सर्वांत वाईट: समोरासमोरच्या भिंतींच्या दोन्ही जोड्यांत अंतर सारखंच, त्यामुळे ५६ आणि ११२ हर्ट्झच्या आसपास आवाज दुप्पट फुगतो. ढोलकीचा धुमा (जाड आवाजाची बाजू) आणि पुरुषी आवाजाचा खर्ज नेमका तिथेच. भिंतीला गोधड्या टांगून फक्त वरचे स्वर मरतात, घुमणं तसंच राहतं. कोपऱ्यांत किमान चार इंच जाडीचे रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे) पॅनल हवेत. माइक खोलीच्या बरोबर मधोमध नको. तोंडापासून वीतभर लांब, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे प-फचे फुत्कार अडवणारी जाळी. रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आणि गेन (माइकचा आवाज आत घेण्याची पातळी) असा की सर्वांत जोरात गायलेली ओळ मीटरवर उणे १० डेसिबलच्या वर जाणार नाही. नंतर आवाज वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

ठेका
डेमोपर्यंत ठीक आहे, फेडर. गडबड पुढे होते. एकदा चकाचक ट्रॅक तयार झाला की तोच स्टेजवर वाजवायचा मोह होतो. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून डावीकडे क्लिक (वादकांना लय दाखवणारी टिक-टिक), उजवीकडे ट्रॅक असा स्वस्तातला जुगाड बहुतेक जण करतात. साउंडवाल्याने दोन्ही बाजू एकाच स्टिरिओ चॅनलवर घेतल्या की समोरच्या स्पीकरमधून टिक-टिक सुरू. चार आउटपुटचा इंटरफेस (लॅपटॉपला जोडायचा साउंड बॉक्स) घ्या आणि क्लिक फक्त ढोलकीवाल्याच्या कानात पाठवा. एवढं करूनही गायक दोन मात्रा उशिरा आला तर ट्रॅक थांबत नाही, माणसं थांबतात.

डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री आणखी एक भानगड. थंडीत बासरी उतरते आणि गिटारच्या तारा चढतात. ट्रॅक त्याच जागी. कालिदास कलामंदिरासारख्या बंद नाट्यगृहात हे फारसं जाणवत नाही, लॉनवर लगेच कळतं.

मुखडा
तुम्ही क्रमावर भांडताय आणि गाणं कोणाचं हेच कागदावर नाही. शब्द कोणाचे, चाल कोणाची, टक्के किती, हे पहिल्या तालमीआधीच लिहून सह्या घ्या. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला देऊन टाकता येत नाही. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. तो निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारीने ते करवून घेतलं त्याचा. अरेंजरने, म्हणजे वाद्यमेळ रचणाऱ्याने, कडव्यांमधलं सुंदर इंटरल्यूड बांधलं तर तो संगीतकार ठरतो का, यावरच मैत्र्या तुटतात. स्टेजवर गाण्याआधी फोनवर तरी अख्खं गाणं तारखेसह रेकॉर्ड असावं, एवढ्यापुरती मी फेडरच्या बाजूने.

गोदाकाठी
फोनवरचं रेकॉर्डिंग मान्य, डेमोही मान्य. आयोजकाला तोच पाठवा. माझा विरोध प्रकाशित करण्याला आहे. मास्टर, म्हणजे अंतिम रेकॉर्डिंग, बाहेर गेला की चाल, पट्टी, लय गोठते आणि ऐकणारा स्टेजवरही तेच मागतो.

फेडर
मागू दे की! मागतो म्हणजे ऐकलंय. आणि लॉनवर नवं गाणं शेवटाला ठेवू नका. उघड्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, सुरुवात नेहमीसारखी उशिरा, आणि कात्री लागते ती नव्या गाण्यालाच. तिसरं किंवा चौथं ठेवा.